जगन्नाथ सम्राट आणि दीड हजार वर्षं फिरलेलं एक पुस्तक

भूमितीत त्रिकोण काढला की कोपऱ्यांना नावं द्यावी लागतात, आपण शाळेत ए, बी, सी लिहायचो. जुन्या संस्कृत वळणाने कुणी लिहिलं असतं तर क, ख, ग लिहिलं असतं असं आपल्याला वाटेल. पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १७१८ च्या सुमारास लिहिलेलं एक संस्कृत पुस्तक आहे, रेखागणित नावाचं, त्यातले त्रिकोण आहेत अ, ब, ज. चौकोन असेल तर अ, ब, ज, द. अ नंतर ब ठीक आहे एकवेळ, पण त्याच्यापुढे एकदम ज?

तो ज आलाय अरबीतून. अलिफ, बा, जीम, दाल, असा अरबी अक्षरांचा एक जुना क्रम आहे, अब्जद म्हणतात त्याला, आणि आकृत्यांना नावं देताना अरबी गणिती तोच वापरायचे. आणि हा क्रम ग्रीकांच्या अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टाचा सख्खा भाऊ, दोन्हींचं मूळ फिनिशियन लिपीत. म्हणजे ग्रीक भूमितीकार युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास अलेक्झांड्रियात ज्या कोपऱ्याला अल्फा म्हटलं तो बगदादमध्ये अलिफ झाला आणि जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या दरबारात अ झाला, आकृती तीच, क्रम तोच, मधे दोन हजार वर्षं आणि किती धर्माची माणसं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते पान कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो होतो.

हे पुस्तक लिहिणारा माणूस मराठी होता, महाराष्ट्रीय ब्राह्मण, जगन्नाथ सम्राट. गंगालहरीवाले जगन्नाथ पंडित ते हे नव्हेत, ते शाहजहानच्या काळातले, हे त्यांच्यानंतरचे. सम्राट ही ह्यांची पदवी. सवाई जयसिंहाच्या पदरी हे वेदशास्त्राचे पंडित म्हणून होते आणि राजाने मनावर घेतलं म्हणून अरबी आणि फारसी शिकले, आणि नुसती बोलण्यापुरती नाही तर युक्लिडचे १५ अध्याय आणि त्यातली ४७८ प्रमेयं अरबीतून संस्कृतात आणण्याइतकी शिकले. ते झाल्यावर त्याहून अवघड काम हातात घेतलं, टॉलेमीचं अल्माजेस्ट, आकाशातल्या गतींच्या गणिताचा मूळ ग्रीक ग्रंथ. अरबीत त्याला अल-मजिस्ती म्हणतात. जगन्नाथांचं हे संस्कृत पुस्तक म्हणजे सिद्धान्तसम्राट किंवा सम्राट्सिद्धान्त, १७३२ च्या सुमाराचं, आणि त्याच्या सुरुवातीलाच ते सरळ सांगून टाकतात:

अरबीभाषया ग्रन्थो मिजास्तीनामकः स्थितः ।
गणकानां सुबोधाय गीर्वाण्या प्रकटीकृतः ॥

अरबी भाषेत मिजास्ती नावाचा ग्रंथ आहे, गणित करणाऱ्यांना नीट कळावा म्हणून तो संस्कृतात आणला. बस. कुठून घेतलं, कशासाठी घेतलं, दोन ओळीत विषय संपला. हा श्लोक मला फार आवडतो.

आता खरं सांगायचं तर रेखागणिताच्या सुरुवातीला त्यांनी वेगळंच लिहिलंय. तिथे ते म्हणतात की हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं, परंपरेने पृथ्वीवर आलं, मग खंडित झालं आणि जयसिंह महाराजांच्या आज्ञेने मी ते पुन्हा प्रकाशात आणलं. युक्लिडचं नाव नाही. कदाचित पंडितांच्या गळी उतरवायला तसं लिहावं लागलं असेल, त्या काळात ग्रंथाला अशी वंशावळ जोडायची रीतच होती, पण मला ते पटत नाही, श्रेय द्यायला हवं होतं. आणि त्याच माणसाने काही वर्षांनी दुसऱ्या ग्रंथात अरबी मुळाचं नाव स्वच्छ लिहिलं हेही तितकंच खरं. आजकाल ह्या विषयावर कुठेही बोलायला जा, एक गट म्हणतो सगळं आपल्याकडूनच गेलं आणि दुसरा म्हणतो सगळं बाहेरूनच आलं, आणि दोघंही जगन्नाथांचं एकेकच पान वाचून भांडत असतात. म्हणून अल्माजेस्ट हे पुस्तक कसं कसं फिरलं ते जरा सविस्तर लिहितोय.

टॉलेमी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा, ग्रीक भाषेत लिहिणारा. सूर्य चंद्र आणि पाच ग्रहांच्या गतीचं गणित, ग्रहणं, हजारावर ताऱ्यांची यादी, असा तेरा भागांचा अवाढव्य ग्रंथ. नवव्या शतकात तो बगदादमध्ये अरबीत आला, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, आणि त्यातलं जे भाषांतर पुढे प्रमाण मानलं गेलं ते कुणी केलं? इसहाक इब्न हुनैनने, जो ख्रिश्चन होता, पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाचा. आणि ते तपासून दुरुस्त कुणी केलं? साबित इब्न कुर्राने, जो हर्रान गावचा साबियन, म्हणजे ग्रहताऱ्यांची उपासना करणाऱ्या लोकांपैकी. साबित आधी हर्रानमध्ये सराफाचा धंदा करायचा, बगदादच्या बनू मूसा भावांपैकी मुहम्मद इब्न मूसाने त्याची हुशारी हेरली आणि त्याला बगदादला आणलं. खलिफा मुसलमान, भाषांतर करणारा ख्रिश्चन, तपासणारा तारे पूजणारा, आणि मूळ लेखक ह्या तिघांच्याही धर्मात न बसणारा ग्रीक.

इसहाकचे वडील हुनैन इब्न इसहाक हे ह्या सगळ्या भाषांतरकारांचे गुरु म्हणावेत असे (८०९ ते ८७३). त्यांनी एक लांबलचक पत्र लिहिलंय, गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याचे कुठले ग्रंथ कुणी भाषांतरित केले, चांगले झाले की वाईट, स्वतःचं तरुणपणीचं काम कुठे कमी पडलं, सगळं त्यात आहे. एका ग्रंथाची नीट ग्रीक प्रत मिळेना म्हणून हा माणूस इराक, सीरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त सगळीकडे फिरला आणि शेवटी दमास्कसमध्ये अर्धाच ग्रंथ हाती लागला. त्यांची पद्धत अशी की जमतील तितक्या प्रती गोळा करायच्या, एकमेकींशी ताडून आधी ग्रीक पाठ शुद्ध करायचा आणि मगच भाषांतराला हात घालायचा. आज आपल्याकडे पीएचडीच्या गाइडने विद्यार्थ्याला सांगावं तसंच हे, आणि ते चाललंय नवव्या शतकात.

त्याच्याही आधी आपल्याकडून तिकडे गेलेलं आहेच. ७७० च्या दशकात सिंधकडून एक मंडळ खलिफा मन्सूरच्या दरबारात गेलं, त्यांच्याबरोबर ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं संस्कृत ज्योतिषगणित होतं, त्यावरून अरबीत सिंदहिंद नावाचा ग्रंथ तयार झाला. आणि ६६२ साली, इस्लाम त्या भागात नुकता आलेला असताना, युफ्रेटिसच्या काठी केन्नेश्रे नावाच्या मठातला सेवेरस सेबोख्त हा सिरियाक बिशप लिहून गेलाय की शास्त्र म्हणजे फक्त ग्रीकांचं असं समजू नका, हिंदू लोकांचं गणित बघा, नऊ चिन्हांनी सगळे आकडे लिहितात. एका ख्रिश्चन बिशपने आपल्या आकड्यांचं हे कौतुक केलं त्याला आता साडेतेराशे वर्षं झाली.

तर अल्माजेस्ट अरबीत आलं, त्यावर चारशे वर्षं लोकांनी काम केलं, चुका काढल्या, भाष्यं लिहिली, आणि १२४७ मध्ये नसिरुद्दीन तुसी ह्या शिया विद्वानाने त्याची नवी, नीट मांडलेली आवृत्ती लिहिली, पुढच्याच वर्षी युक्लिडची. तेव्हा तुसी इराणातल्या इस्माइली लोकांच्या अलमूत किल्ल्यांच्या मुलखात होता. पुढे मंगोल आले, हुलागूने अलमूत घेतलं, आणि तुसीने त्याच हुलागूकडून १२५९ मध्ये मरागा इथे वेधशाळा मिळवली. तिथे बार हेब्रियस नावाचा सिरियाक ख्रिश्चन धर्मगुरू येऊन युक्लिड आणि टॉलेमी शिकवायचा. जगन्नाथांनी रेखागणित ज्यावरून केलं ती युक्लिडची प्रत ह्याच तुसीची.

इथे अल-बिरुनीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. अल-बिरुनी १०३० च्या सुमारास भारतावर त्याचा मोठा ग्रंथ लिहितो. गझनीच्या महमूदाच्या दरबारातला माणूस, पण महमूदाच्या स्वाऱ्यांनी हा देश उद्ध्वस्त केला, विद्वान काश्मीर आणि काशीकडे निघून गेले हे तोच स्पष्ट लिहितो. संस्कृत शिकला, पंडितांच्या पुढे आधी विद्यार्थ्यासारखा बसला. आणि त्याच ग्रंथात सांगतो की मी हिंदूंसाठी युक्लिड आणि अल्माजेस्टचं भाषांतर करतोय, अस्त्रलेब म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र कसं बनवायचं तेही सांगतोय, ज्ञान पसरावं एवढीच इच्छा. लगेच तक्रारही करतो, की ह्या लोकांना नवीन पुस्तक मिळालं की ते त्याचे श्लोक करतात आणि मग त्यातलं काही कळत नाही! म्हणजे जगन्नाथांच्या ७०० वर्षं आधी एक मुसलमान विद्वान अल्माजेस्ट संस्कृतात आणायला बसला होता. ते काम आज हाती नाही. ते टिकलं असतं तर आपल्याकडच्या गणिताचा इतिहास कुठे गेला असता ह्याचा मी खूपदा विचार करतो.

अस्त्रलेब मात्र आलं. १३७० मध्ये महेंद्रसूरी ह्या जैन मुनींनी फिरोजशाह तुघलकाच्या काळात त्यावर संस्कृत ग्रंथ लिहिला, यंत्रराज. नावच बघा, यंत्रांचा राजा. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये आजही सात फूट व्यासाचा यंत्रराज टांगलेला आहे.

आता जयसिंह. जन्म १६८८. आपल्याला हा माणूस आधी भेटतो तो शत्रूच्या फौजेत, औरंगजेबाने खेळण्याला म्हणजे आपल्या विशाळगडाला १७०१-०२ मध्ये वेढा घातला होता त्यात हा तेरा वर्षांचा पोरगा लढत होता. पुढे माळव्याचा सुभेदार, मराठ्यांशी कधी लढाई कधी तह. आणि ह्या सगळ्या धामधुमीत त्याला वेड होतं आकाशाचं. पंचांगातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश जुळत नाही, ग्रहणं चुकतात, समरकंदच्या सुलतान उलुगबेगाची ग्रहांची कोष्टकं घ्या, हिंदू ग्रंथ घ्या, मुल्ला चांदची अकबराच्या काळातली घ्या, युरोपातली घ्या, प्रत्येकात फरक पडतोच, असं त्याने बादशाह मुहम्मदशाहाला सांगितलं. बादशाहाने जे उत्तर दिलं ते जयसिंहाच्या फारसी कोष्टकग्रंथाच्या, झीज-इ-मुहम्मदशाहीच्या प्रस्तावनेत आहे: इस्लामचे ज्योतिषी आणि भूमितीकार, ब्राह्मण आणि पंडित, आणि युरोपचे ज्योतिषी ह्यांना एकत्र कर, वेधशाळेची सगळी सामग्री उभी कर आणि ह्या प्रश्नाचा निकाल लाव.

तीन धर्मांचे लोक एकत्र बोलवा हा सरकारी हुकूम आहे, आणि तो कशासाठी आहे बघा. सलोख्यासाठी नाही, एकमेकांचे सण साजरे करायला नाही, आकडे जुळत नाहीत म्हणून. मला ह्या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की ही माणसं एकत्र बसली कारण समोर एक प्रश्न होता जो एकट्या कुणालाच सुटत नव्हता, आणि निकाल देणारं आकाश कुणाच्याच बाजूचं नव्हतं.

जयसिंहाने आधी उलुगबेगाच्या समरकंदच्या धर्तीवर पितळेची यंत्रं केली. त्यांनी समाधान झालं नाही, आणि का झालं नाही ते प्रस्तावनेत इतकं नेमकं लिहिलंय की आजचा कुठलाही इंजिनिअर मान डोलवेल: आकार लहान, त्यामुळे अंशाचे साठ भाग म्हणजे कला आखता येत नाहीत, आस झिजतो आणि हलतो, वर्तुळाचा मध्य सरकतो, यंत्राची पातळी बदलते. म्हणून दगड आणि चुना. दिल्लीत आधी, १७२४ च्या सुमारास, आणि मग दिल्लीचे आकडे बरोबर आहेत का ते पडताळायला जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशीला. एका जागी मोजलेलं चार जागी पुन्हा मोजून बघायचं.

जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीचं अजस्त्र घड्याळ, जवळून बघितलंय का कुणी? उंची साधारण २७ मीटर, तिरका जिना सरळ ध्रुवाकडे रोखलेला, दोन्ही बाजूंना गोलाकार वळलेल्या संगमरवरी पट्ट्या आणि त्यावर बारीक खुणा, सगळ्यात लहान भाग दोन सेकंदाचा. त्या पट्टीपाशी खाली वाकून सावलीकडे बघत राहिलं तर सावली सरकताना दिसते, दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पृथ्वी फिरतेय हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. अडचण एकच, सावलीची कड तलवारीसारखी रेखीव नसते, सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे त्यामुळे कड पुसट होते, एवढ्या मोठ्या यंत्रावर तो पुसट पट्टा बोटभर नाही तर चांगला अर्ध्या वितेहून जास्त रुंद होऊ शकतो. तरीही दिल्लीत शके १६५१ म्हणजे १७२९ मध्ये घेतलेले वेध जगन्नाथांनी सम्राट्सिद्धान्तात नोंदवलेत: दिल्लीचा अक्षांश २८ अंश ३९ कला, आणि सूर्याच्या मार्गाचा विषुववृत्ताशी होणारा कोन २३ अंश २८ कला. त्या काळासाठी आजच्या गणिताने काढलेला कोन २३ अंश २८ कला आणि वर थोड्या विकला (कलेचे साठावे भाग) असाच येतो. दगडाच्या भिंती आणि डोळे, बाकी काही नाही.

पण मला यंत्रांपेक्षाही जास्त ओढ वाटते ती भाषांतराच्या खोलीची. मुहम्मद आबिद नावाचे एक विद्वान आणि नयनसुख उपाध्याय नावाचे एक पंडित. आबिद अरबी वाचून अर्थ सांगणार, नयनसुख संस्कृतात उतरवून घेणार. थिओडोसियस ह्या ग्रीक गणितीचा गोलाच्या भूमितीवरचा ग्रंथ त्यांनी असाच संस्कृतात आणला, आणि १७२९ मध्ये तुसीच्या तझकिरा ह्या ग्रंथावरच्या बिरजंदीच्या भाष्यातलं एक प्रकरण. ह्या प्रकरणात काय आहे ते थोडं सांगतो. टॉलेमीने ग्रहांची गती बसवण्यासाठी एक तडजोड केली होती, वर्तुळात सारख्या वेगाने फिरणं हा स्वतःचाच नियम मोडून. तुसीला ते खटकलं. त्याने काय केलं, एक मोठं वर्तुळ घेतलं, त्याच्या आत बरोबर निम्म्या व्यासाचं छोटं वर्तुळ, आणि छोटं हे मोठ्याच्या आतल्या कडेने गडगडत नेलं. छोट्या वर्तुळावरचा एक बिंदू पकडून त्याचा मार्ग बघा, तो अगदी सरळ रेषेत पुढे मागे जातो. दोन गोल फिरण्यांतून एक सरळ रेषा! कागदावर कंपास घेऊन पाच सहा जागा काढून बघा, विश्वास बसत नाही.

हीच युक्ती कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकातही आहे. म्हणजे तेराव्या शतकात इराणात निघालेली कल्पना सोळाव्या शतकात पोलंडमधल्या एका कॅथलिक धर्माधिकाऱ्याच्या पुस्तकात दिसते आणि अठराव्या शतकात एका मुसलमान विद्वानाच्या तोंडून एका हिंदू पंडिताच्या पोथीत उतरते.

आणि दोघांनी शेजारी बसून करायची ही रीत जयपूरचीच नाही. स्पेनमध्ये तोलेदोला क्रेमोनाच्या जेरार्डने अल्माजेस्ट अरबीतून लॅटिनमध्ये नेलं, ११७५ मध्ये पुरं झालं, तिथेही गालिब नावाचा अरबी जाणणारा स्थानिक ख्रिश्चन शेजारी बसून बोलीभाषेत अर्थ सांगायचा आणि जेरार्ड लॅटिन लिहायचा. तोलेदो आणि जयपूर, मधे साडेपाचशे वर्षं, पुस्तक तेच आणि बसण्याची पद्धतही तीच. एक जण दोन्ही भाषांत मुरलेला नसेल तर दुसऱ्यावर भरवसा ठेवावाच लागतो, त्याने सांगितलेला अर्थ बरोबर आहे असं धरून आपण वाक्य लिहायचं, आणि गणितात तर लगेच कळतं अर्थ चुकला की, आकृती जमत नाही. मग पुन्हा विचारायचं. हे असं महिनोन् महिने.

आता युरोपचा भाग, आणि इथे गोव्याचा संबंध येतो. जयसिंहाने आग्र्याच्या मान्युएल दि फिगेरेदो ह्या जेझुइट पाद्रींबरोबर पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवलं, १७२७ मध्ये निघालं, गोव्याहून जहाजाने, १७२९ च्या सुरुवातीला लिस्बनला पोहोचलं. परत येताना त्यांनी फ्रेंच ज्योतिषी ला हिर ह्याची १७०२ ची कोष्टकं आणली आणि बरोबर पेद्रो द सिल्वा नावाचा जाणकार माणूस आला तो जयपूरलाच राहिला. केवलराम ज्योतिषी ह्यांनी ती कोष्टकं संस्कृतात आणली.

आणि ताबडतोब तपासणी सुरू! जयसिंहाने लिहिलंय की ला हिरच्या कोष्टकात चंद्राची जागा अर्ध्या अंशाने चुकते, बाकी ग्रहांत चूक एवढी नाही, पण ग्रहणाच्या वेळेत पाव घटकेचा म्हणजे १५ पळांचा फरक पडतो. १५ पळं म्हणजे सहा मिनिटं. पॅरिसच्या नामांकित ज्योतिष्याचा आकडा आला म्हणून मान तुकवली नाही, परका आहे म्हणून फेकूनही दिला नाही, ग्रहण लागेपर्यंत थांबून सहा मिनिटांचा फरक काढला. १७३४ मध्ये चंदननगरहून बूदिए आणि पोन्स हे दोन फ्रेंच जेझुइट जयसिंहाच्या बोलावण्यावरून निघाले, वाटेत गावोगावचे अक्षांश रेखांश मोजत आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या सूर्यग्रहणाला बूदिएनेही ला हिरची कोष्टकं ताडून बघितली आणि चूक दाखवली. जर्मनीतल्या बव्हेरियाचे श्ट्रोब्ल आणि गाबेल्सपेर्गर १७४० ला जयपूरला आले, गाबेल्सपेर्गर पुढच्याच वर्षी तिथेच वारले.

इतकं कौतुक केल्यावर जे राहून गेलं तेही लिहायलाच हवं, कारण ते फार मोठं आहे. ला हिरच्या कोष्टकांत चूक का, ह्याचं जयसिंहाने दिलेलं कारण असं की युरोपात आमच्याइतकी मोठी यंत्रं नाहीत, म्हणून त्यांचे वेध किंचित चुकतात. इथे त्याचा अंदाज फसला. युरोपातल्या वेधशाळांनी मोजणीच्या यंत्रांवर दुर्बीण आणि मायक्रोमीटर म्हणजे बारीक अंतर मोजायचं साधन बसवून कधीच आकाराचा प्रश्न मागे टाकला होता. आणि जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या! शुक्र चंद्रकोरीसारखा दिसतो, गुरूला चार चंद्र आहेत, शनी लांबट दिसतो, सूर्यावर डाग आहेत, हे सगळं त्याच्या ग्रंथात आहे. पण दुर्बीण मोजणीच्या यंत्राला जोडायची ही एक पायरी राहिली. आणि आजच्या संशोधकांनी झीज-इ-मुहम्मदशाहीची कोष्टकं तपासली तेव्हा दिसलं की सूर्य चंद्र ग्रहांची कोष्टकं मुळात ला हिरचीच आहेत, रेखांशाचा फरक धरून आणि हिजरी महिन्यांत बसवून घेतलेली. प्रस्तावनेतला सूर आणि आतले आकडे ह्यांत हे अंतर आहे, आणि मला वाटतं ते जसंच्या तसं सांगावं, त्याने जयसिंह लहान होत नाही.

दुसरं म्हणजे न्यूटनचं मोठं पुस्तक १६८७ चं, केप्लरचे नियम त्याच्याही सत्तर एक वर्षं आधीचे, आणि ह्यातलं काहीच जयपूरच्या कामात उतरलं नाही. पृथ्वी फिरते हे सांगणाऱ्या पुस्तकांवर कॅथलिक चर्चची १६१६ पासून बंदी होती, ती ढिली झाली १७५८ ला, आणि जयसिंहापर्यंत युरोप पोहोचत होता तो मुख्यतः पाद्र्यांच्या हातून. ही माणसं मेहनती होती, प्रामाणिकही होती, बूदिएसारख्याने उन्हातान्हात शेकडो मैल मोजणी केली. पण एकाच खिडकीतून बघितलं की जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. इंग्रज सुरतेला होते, मुंबईत होते, डच कोचीनला होते, त्यांच्यापैकी कुणी खगोल जाणणारा जयपूरला येऊन बसला असता तर, हा विचार डोक्यातून जात नाही माझ्या.

१७३९ ला नादिरशाहाने दिल्ली लुटली, १७४३ ला जयसिंह वारला, मुलांत गादीवरून भांडणं लागली आणि ती भाषांतराची खोली ओस पडली. छापखाना नव्हता, पोथ्या राजवाड्यात राहिल्या. जगन्नाथांचं रेखागणित छापून आलं ते १९०१-०२ मध्ये, दोन खंडांत, आपल्या मुंबईत, बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये, हरिलाल ध्रुव ह्यांनी हाती घेतलेलं काम त्यांच्या पश्चात कमलाशंकर त्रिवेदींनी पुरं केलं. लिहिल्यापासून छापेपर्यंत जवळजवळ १८० वर्षं गेली, आणि तोवर शाळांतून युक्लिड इंग्रजीवरून शिकवला जात होता.

उज्जैनच्या वेधशाळेला मात्र पुन्हा माणूस मिळाला आणि तोही मराठी. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली, गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला आपल्याकडून हजारो लोक जातात, तिथून वेधशाळा रिक्षाने अगदी जवळ आहे, क्षिप्रेच्या बाजूला. दुपारी बाराच्या आधी पोहोचा आणि तिथल्या भित्तियंत्रापाशी उभे राहा, उत्तर दक्षिण भिंत आहे, सूर्य माथ्यावरच्या रेषेवर येतो त्या क्षणी सावली कुठल्या अंशावर पडते ते वाचायचं. तिथल्या माणसाला विचारलंत तर तो कसं वाचायचं ते दाखवतो, आणि त्या दिवसाचा सूर्य विषुववृत्तापासून किती अंश वर किंवा खाली आहे ते तुमचं तुम्हाला काढता येतं, वहीत फक्त उज्जैनचा अक्षांश लिहून न्या, २३ अंश ११ कला.